मामाळचा अमात्य ते गावचा सरपंच: कार्ल्याच्या अधिकारपदांची कुळकथा

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात ब्राह्मी अक्षरांत कोरलेला एक राजहुकूम आहे. तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा मानला जातो. हुकूम ज्याच्या नावे सुटला तो 'मामाळ' येथील अमात्य. मामाळ म्हणजे आजचे मावळ. करजक हे गाव वलूरक, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यातल्या भिक्षूंना दिले असून त्यात राजाच्या माणसांनी शिरू नये, मीठ खणू नये, कारभारात हात घालू नये, असे त्यात बजावले आहे. हेच गाव त्याआधी क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने दान केले होते. सत्ता बदलली, पण गाव भिक्षूंकडेच राहिले.

'अमा' म्हणजे घरात, सोबत; अमात्य म्हणजे मुळात घरातला माणूस. सातवाहनांच्या काळापर्यंत त्याचा अर्थ एका प्रदेशावर नेमलेला राजाचा अधिकारी असा झाला होता. नाशिकच्या लेखांत गोवर्धनचा अमात्य राजवटीच्या १८व्या वर्षी विष्णुपालित आहे, तर २४व्या वर्षी श्यामक. माणूस बदलतो, पद राहते. या अधिकाऱ्याचे बळ त्याच्या कुळात नव्हते, राजाच्या आज्ञेत होते.

कार्ल्यातच दुसऱ्या प्रकारचा अधिकारही कोरलेला आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राजवटीच्या ७व्या वर्षी एक गाव दान देणारा सोमदेव स्वतःला महारठी म्हणवतो आणि बाप मित्रदेव यालाही महारठीच म्हणतो. बाहेरचा सिंहस्तंभही एका महारठीने, अग्निमित्रणकाने, दिला. महारठी हे प्रादेशिक सरदार होते आणि त्यांचा मान घराण्यात चालत असे. नेमलेला आणि जन्माने आलेला असे दोन्ही अधिकार एकाच लेण्यात शेजारी शेजारी नोंदले गेले आहेत. मावळचा पुढचा इतिहास समजायला ही जोडी फार मोलाची आहे.

मध्ययुगात पारडे जन्माच्या बाजूने झुकले. गावात पाटील-कुलकर्णी, परगण्यात देशमुख-देशपांडे; सगळी वतने वंशपरंपरेची. 'पाटील' हा शब्द ताम्रपटांतल्या 'पट्टकिल'वरून आला असे मानतात. वतन विकता येई, भावांत वाटता येई. गावचे तंटे वतनदारच पंचांसह गोतसभेत सोडवी, त्यामुळे दूरच्या सुलतानापेक्षा त्याचा शब्द जवळचा वाटे. पण देशमुख वाडे-हुडे बांधून बळावले, की रयतेला दाद मागायला जागा उरत नसे. शिवाजी महाराजांनी हे हुडे पाडले आणि वतनदारांचे हक्क ठरवून दिले, असे सभासदाच्या बखरीत आहे. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी फार्सी पदनामांऐवजी संस्कृत नावे आली आणि मुजुमदाराचा अमात्य झाला. अमात्य शब्द सह्याद्रीच्या कारभारात असा परतला. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त वतनदारांना राज्याचे दायाद, म्हणजे वाटेकरी, म्हटले. नेमणूक की जन्म, हा जुना वाद त्यांनी फार नेमक्या शब्दात मांडला. तरीही त्यांच्या स्वतःच्या घराण्यात अमात्यपद वंशपरंपरेचे झाले आणि बावड्याची जहागीर पंत अमात्यांकडे राहिली.

एकट्या पुरुषाऐवजी मंडळाने नेतृत्व करण्याची कसोटीही मावळातच लागली. पेशवा नारायणरावाच्या खुनानंतर कारभार बारभाई या मंडळाकडे आला. १७७९च्या जानेवारीत पेशवा सवाई माधवराव पाच वर्षांचाही नव्हता. पेशवाईवर हक्क सांगणाऱ्या राघोबादादाला गादीवर बसवायला निघालेल्या इंग्रज फौजेचे नेतृत्वही एका समितीकडे होते: कर्नल एगर्टन, कार्नॅक आणि मॉस्टिन. मॉस्टिन आजारी पडून मुंबईला परतला आणि तिथेच वारला. पुढे एगर्टनही आजारी पडला. खंडाळ्याहून फौज मुंगीच्या पावलाने सरकत होती. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट, मराठ्यांचा 'इष्टुर फाकडा', ठार झाला. तळेगाव मराठ्यांनी आधीच जाळून रिकामे केले होते. समितीने माघार ठरवली आणि वडगावला वेढली गेलेली फौज तहाला आली. दोन्हीकडे मंडळेच होती. फरक असा, की मराठ्यांकडे नाना फडणिसांचे मुत्सद्दीपण आणि महादजी शिंद्यांची तलवार यांची कामे वाटलेली होती आणि दोघांना मुलूख माहीत होता. इंग्रजांच्या समितीत मात्र सेनापती आणि मुलकी सभासद एकाच हुकमावरून भांडत राहिले.

इंग्रजी अमलात नेमणुकीची बाजू पुन्हा वर आली. मामलेदार तालुक्याचा धनी झाला. हा शब्द अरबी 'मुआमला'चा; मामाळशी त्याचे ध्वनिसाम्य आहे, नाते नाही. पाटीलकी मात्र घराण्यातच राहिली. १८६७च्या कायद्याने पोलीस पाटलाची कामे ठरली. मुलकी पाटलाचे पद १९६२च्या कायद्याने संपले. पोलीस पाटील राहिला, पण वारशाने नव्हे, नेमणुकीने.

तिसरा प्रकार, निवडलेला अधिकार, ग्रामपंचायतींमधून आला: १९२०चा मुंबई कायदा, मग १९५८चा, मग ७३वी घटनादुरुस्ती. 'सर' फार्सी, 'पंच' आपला. सरपंच या शब्दात दोन्ही परंपरा आहेत. महाराष्ट्रात २०११पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सरपंच सदस्यांनी निवडायचा की थेट गावाने, हा प्रश्न अलीकडे तीनदा फिरला: २०१७ला थेट निवड आली, २०२०ला गेली, २०२२ला परत आली.