मुंबई–पुणे प्रवासी रेल्वेसेवा

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि पुणे यांदरम्यान मध्य रेल्वेतर्फे दररोज चालविली जाणारी आंतरशहरी प्रवासी सेवा. मार्गाची लांबी १९२ किमी. असून तो कल्याण, कर्जत व लोणावळा या स्थानकांवरून जातो. कर्जत व लोणावळा यांमधील बोरघाट हा त्याचा सर्वांत अवघड भाग असून गाड्यांची रचना, त्यांना लागणारा वेळ आणि त्यांची नियमितता या सर्वांवर त्याचा प्रभाव आहे.

इतिहास : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे मार्ग सुरू केल्यानंतर लोहमार्ग १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८५८ मध्ये खंडाळा–पुणे मार्ग खुला झाला, मात्र मधला घाट प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा बैलगाडी यांच्या साहाय्याने ओलांडावा लागे. प्रमुख अभियंता जेम्स बर्कली यांच्या आराखड्यानुसार पंचवीस बोगद्यांसह बांधलेला घाटमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी हा ठेका पुढे चालविला, तर प्रत्यक्ष खोदकामात साथीचे रोग व अपघात यांमुळे हजारो मजूर मृत्युमुखी पडले. या मार्गाच्या इतिहासात त्यांचे स्थान अभियंत्यांच्या बरोबरीचे मानले पाहिजे.

घाटातील वाहतूक : घाटात चढाचे प्रमाण ३७ फुटांस १ फूट इतके तीव्र असल्याने पुण्याकडे जाणाऱ्या गाडीस कर्जत येथे मागील बाजूने जादा इंजिने जोडतात. ‘बँकर’ म्हणून ओळखली जाणारी ही इंजिने गाडीला मागून रेटतात व लोणावळ्यास सोडविली जातात. उतारावर गाडी अनावर होण्याचा धोका असल्याने ब्रेकची तपासणी सक्तीची असते, तसेच नियंत्रण सुटलेली गाडी चढाच्या आंधळ्या रुळांवर वळवून थांबविण्यासाठी ‘कॅच सायडिंग’ची सोय केलेली आहे. पावसाळ्यात दरडी कोसळून वाहतूक खंडित होते. २०१९ च्या अतिवृष्टीत अनेक गाड्या दीर्घकाळ रद्द कराव्या लागल्या होत्या.

प्रमुख गाड्या : विद्युतीकरणापाठोपाठ १ जून १९३० रोजी सुरू झालेली ‘डेक्कन क्वीन’ ही या सेवेतील सर्वांत प्रसिद्ध गाडी होय. आरंभी तीत केवळ वरच्या दोन वर्गांची सोय होती आणि तिसऱ्या वर्गाचे डबे १९५५ मध्ये जोडले गेले; सर्वसामान्य प्रवाशांना ती तेव्हाच खुली झाली, म्हणून हा बदल तिच्या आरंभाइतकाच महत्त्वाचा ठरतो. तिच्यातील भोजनयानाची परंपरा आजही टिकून असून २०२२ मध्ये तिला नव्या एलएचबी बनावटीचे डबे मिळाले. सिंहगड व प्रगती या गाड्या डेक्कन क्वीनप्रमाणे सकाळी पुण्याहून निघून सायंकाळी परततात, तर डेक्कन एक्सप्रेस व इंटरसिटी यांचा क्रम उलट, म्हणजे सकाळी मुंबईहून निघण्याचा आहे. घाट पाहता यावा म्हणून २०२१ पासून काही गाड्यांना काचेच्या छताचा ‘व्हिस्टाडोम’ डबा जोडण्यात येऊ लागला.

महत्त्व : नोकरी, शिक्षण, वैद्यकीय उपचार व न्यायालयीन कामे यांसाठी एका दिवसात जाऊन परत येणे या वेळापत्रकामुळे शक्य झाले आणि मासिक पासधारकांचा मोठा वर्ग निर्माण झाला. २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पूर्ण झाल्यावर मोटारींची व बसगाड्यांची स्पर्धा वाढली. तथापि पासाच्या अल्प दरामुळे रोजच्या प्रवाशाला परवडणारे साधन म्हणून रेल्वेचे स्थान अबाधित राहिले असून, घाटमार्गाची क्षमता व सुरक्षितता वाढविणे ही या सेवेची मूलभूत गरज आहे.