ई-मेल प्रोग्रॅम (घरगुती संगणकावरील)

सर्व्हरवरील पत्रे उतरवून घेणारी, ती संगणकावर साठवणारी आणि उत्तरे पाठवणारी आज्ञावली. यूडोरा, आउटलुक एक्सप्रेस, थंडरबर्ड ही परिचित उदाहरणे. जीमेल किंवा रेडिफमेल ब्राउझरमध्ये उघडून वाचणे हा वेगळा प्रकार. त्यात पत्राची प्रत घरी राहतेच असे नाही.

इतिहास : यूडोरा हा प्रोग्रॅम स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात लिहिला. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे ते जिल्ह्याच्या गावी पोहोचले तेही टेलिफोनच्या तारेवरूनच. जोडणी जितका वेळ, तितके बिल. म्हणून पत्रे उतरवून फोन सोडायचा, निवांत वाचायची आणि उत्तरे आउटबॉक्समध्ये साठवून पुढच्या जोडणीत एकदम पाठवायची, अशी रीत पडली. पॉप ही नियमावली याच वापराला सोयीची होती. १९९७ पासून इंटरनेट एक्सप्लोररबरोबर आउटलुक एक्सप्रेस आपोआप येऊ लागला आणि बहुतेक घरांत निवडीचा प्रश्नच उरला नाही. थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती ७ डिसेंबर २००४ ची.

देवनागरी पत्रे : मराठी घरासाठी प्रोग्रॅमची खरी परीक्षा येथे होते. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी, आकृती किंवा शिवाजी फॉन्टमध्ये लिहिलेले पत्र प्रत्यक्षात रोमन संकेतांतच जात असे. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसला तर अर्थहीन अक्षरे दिसत. त्यामुळे मजकुराचे चित्र किंवा पीडीएफ जोडण्याची सवय लागली, ती अजून गेलेली नाही. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट आला. एक्सपीमध्ये मात्र जटिल लिप्यांची सोय अनेकदा मूळ सीडी घालून वेगळी बसवावी लागे.

युनिकोड आल्यावरही घोटाळा संपला नाही. वाशीम जिल्ह्यातील ‘शिरपूर जैन’ हे गावाचे नाव विषयाच्या रकान्यात लिहिले, तर त्यात मात्रा धरून ९ देवनागरी संकेत व एक मोकळी जागा असते. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी संकेताला ३ बाइट लागतात, म्हणून एकूण २८ बाइट होतात. पाश्चात्त्य संकेतप्रणालीने ते वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक अक्षर किंवा मात्रेच्या जागी आधी तिरकी रेघ डोक्यावर असलेला रोमन ए दिसतो. त्यानंतर ७ ठिकाणी चलनाचे सर्वसाधारण चिन्ह आणि ‘ू’ व ‘ै’ या मात्रांच्या जागी जपानी येनचे चिन्ह येते. असे पत्र बिघडलेले नसते. प्रोग्रॅममध्ये संकेतप्रणाली हाताने यूटीएफ-८ करता आली, की ते पूर्ववत वाचता येते. ही सोय नसलेला प्रोग्रॅम मराठी वापरासाठी घेऊ नये, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

शोधाची सोयही मराठीत तपासून घ्यावी. ऱ्हस्वदीर्घाचा भेद अनेक प्रोग्रॅम अक्षरशः पाळतात. ‘शिरपुर’ टाइप केल्यास ‘शिरपूर’ असलेले पत्र सापडेलच असे नाही. नुसते ‘शिरपूर’ शोधल्यास धुळे जिल्ह्यातील शिरपूरचीही पत्रे पुढे येतात.

साठवण : आउटलुक एक्सप्रेसमध्ये प्रत्येक कप्प्याची एक डीबीएक्स फाइल असे व तिची मर्यादा २ गिगाबाइट. आजचे बहुतेक प्रोग्रॅम ती थेट उघडत नाहीत, त्यामुळे परदेशी गेलेल्या मुलांची, भावंडांची कित्येक वर्षांची पत्रे जुन्या संगणकांत अडकून पडली आहेत. थंडरबर्डचे एमबॉक्स हे रूप साध्या मजकुराचे आहे. देवनागरी मजकूर त्यातही सांकेतिक स्वरूपात असू शकतो, पण तो उलगडण्याची रीत जाहीर असल्याने दुसऱ्या प्रोग्रॅमलाही तो वाचता येतो. प्रोग्रॅम फुकट की विकतचा यापेक्षा हा मुद्दा अधिक महत्त्वाचा.

घरात फोन व संगणक दोन्हींवर पत्रे वाचली जात असतील तर आयमॅप घ्यावा; त्यात पत्रे सर्व्हरवरच राहतात व वाचल्याची खूण दोन्हीकडे उमटते. पॉपमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण तपासल्याशिवाय पहिली जोडणी करू नये.

सुरक्षा : केवळ परवलीचा शब्द विचारणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना गूगलने २०२२ पासून जीमेलची दारे टप्प्याटप्प्याने बंद केली.

सद्यःस्थिती : विंडोज १० मधील ‘मेल’ या प्रोग्रॅमचा आधार मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी थांबवला. त्याच्या जागी आलेला नवा आउटलुक इतर कंपन्यांच्या खात्यांतील पत्रेही मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नेऊ शकतो. ते कितपत योग्य याविषयी मतभेद आहेत. जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यातील पत्रांचे कप्पे एमबॉक्स रूपात काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवावेत आणि एक मराठी पत्र उघडून पाहावे.