चष्मा आणि सचोटी

वाचण्याच्या चष्म्याला आपल्या भाषेने 'चाळिशी' असे समर्पक नाव दिले आहे. वयाच्या चाळिशीच्या सुमारास डोळ्यांतील नैसर्गिक भिंगाची लवचिकता कमी होते आणि मिस्सेच्या वेळी गीतांचे पुस्तक हात लांब करून धरावे लागते. मग प्रश्न पडतो : डोळे कोणाला दाखवावेत आणि चष्मा कोणाच्या शब्दावर घ्यावा? हा प्रश्न चष्म्याइतकाच जुना आहे. त्याच्या इतिहासाची पहिली पाने ख्रिस्तसभेच्या मठांत सापडतात, म्हणून ती वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

२३ फेब्रुवारी १३०६ रोजी डॉमिनिकन संघाचे फादर जोर्दानो दा पिसा यांनी इटलीतील फ्लॉरेन्स येथे प्रवचन केले. चष्मा बनविण्याची कला सापडून अद्याप वीस वर्षेही झालेली नाहीत आणि तिच्या आद्य शोधकाला आपण स्वतः भेटलो आहोत, असे त्यांनी श्रोत्यांना सांगितले. त्या शोधकाचे नाव मात्र आजवर अज्ञातच राहिले आहे. पिसा येथील संत कॅथरिनच्या मठाची बखर त्याच संघाच्या अलेस्सांद्रो देल्ला स्पिना यांचे स्मरण करते. चष्मा प्रथम करणाऱ्याने आपली कृती कोणालाही सांगितली नाही. स्पिना यांनी तो स्वतः करून पाहिला आणि प्रसन्न मनाने सर्वांना ती विद्या वाटली. १३१३ साली ते निवर्तले.

विद्या पसरली तशी लबाडीही आली. स्फटिक महाग आणि काच स्वस्त; तेव्हा साधी काच स्फटिक म्हणून खपविली जाऊ लागली. व्हेनिसच्या कारागिरांसाठी १३०० साली झालेल्या नियमांनी या फसवणुकीस बंदी घातली. पुढच्याच वर्षी वाचनासाठी काचेची भिंगे करण्यास अनुमती मिळाली, पण ती काच म्हणूनच विकण्याच्या अटीवर. स्वस्त वस्तू विकणे हा दोष नव्हे, खोटे सांगून विकणे हा दोष होय, हा विवेक त्या नियमांत दिसतो.

तरीही योग्य भिंग निवडणे दीर्घकाळ अंदाजाचेच काम होते. १६२३ मध्ये स्पेनमधील सेव्हिल येथे बेनितो दासा दे वाल्देस यांनी चष्म्यावर ग्रंथ प्रसिद्ध करून भिंगांची शक्ती अंशांत मोजण्याची रीत मांडली. १८६२ साली हॉलंडमधील डॉ. स्नेलेन यांनी लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता तयार केला. तो आज दवाखान्यांच्या भिंतींवर आपल्या परिचयाचा आहे. त्यापूर्वीच, १८५१ मध्ये, जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आतील पडदा पाहण्याचे साधन शोधले होते.

या दोन शोधांतील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. तक्ता नंबर सांगतो. पडद्याची तपासणी रोग सांगते. काचबिंदू बहुधा न दुखता, कडेकडेने दृष्टी हिरावून घेतो आणि गेलेली दृष्टी कोणत्याही चष्म्याने परत येत नाही. मधुमेहही डोळ्यांचा पडदा मुकाट्याने पोखरतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना केवळ तयार चष्मा आणून देणे पुरेसे नाही. त्या चष्म्याच्या दोन्ही काचा सामान्यतः एकाच नंबराच्या असतात. आपले दोन्ही डोळे मात्र सारखे असतीलच असे नाही.

विश्वासू नेत्रवैद्याची खूण आम्हांस अशी वाटते : तो डोळ्यातील दाब पाहतो, गरज पडल्यास थेंब घालून पडदा तपासतो, प्रश्नांना शांतपणे उत्तरे देतो आणि नंबर कागदावर लिहून देतो. तो कागद हाती असला की चष्मा कोठून करावा हे आपल्या इच्छेवर राहते. फ्रेम निवडताना ती नाकावर नीट बसते का आणि भिंगाचा मध्य बाहुलीसमोर येतो का, हे आधी पाहावे, शोभा त्यानंतर.

स्पिना यांनी आपली विद्या झाकून ठेवली नाही. जो आपले ज्ञान रुग्णापासून झाकत नाही, त्याच्याच हाती आपले डोळे सोपवावेत.