पुणे मातृपोषण अभ्यास

गर्भवतीचा आहार, नवजात बाळाची शरीररचना आणि त्या मुलाचे पुढचे आरोग्य यांचा संबंध तपासणारे दीर्घकालीन संशोधन. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी साउथॅम्प्टनच्या कॅरोलीन फॉल यांच्यासह 1993 मध्ये पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत ते सुरू केले. जन्मावेळचे कमी वजन आणि प्रौढपणीचा हृदयविकार यांचे नाते मांडणाऱ्या डेव्हिड बार्कर यांच्या विचाराची ही भारतीय मातीतली कसोटी होती. ग्रामीण भागात घरोघर जाऊन असे काम करता आले, कारण डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकापासून वढू परिसरात आरोग्यसेवेची घडी बसवली होती.

या अभ्यासाचे खरे बळ सुरुवातीच्या पद्धतीत आहे. गर्भवती दवाखान्यात येईपर्यंत वाट न पाहता कार्यकर्त्या लग्न झालेल्या बायांच्या घरी दर महिन्याला जात आणि पाळीची तारीख टिपून घेत. पाळी चुकली की पुढे सोनोग्राफी होई. 18 व्या आणि 28 व्या आठवड्यात आहाराची नोंद व रक्ततपासणी. बाळ जन्मले की तीन दिवसांच्या आत कार्यकर्ती हजर. वजन, लांबी, डोक्याचा घेर घेऊन झाला की चिमट्यासारख्या मापकाने दंडावरची आणि खांद्याच्या पात्याखालची त्वचेची घडी मोजायची. त्या दोन घड्यांनी पुढे बरेच काही सांगितले.

आयांचे गर्भधारणेआधीचे सरासरी वजन सुमारे 42 किलो, उंची पाच फूट. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास; साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. मात्र सगळे अवयव सारख्या प्रमाणात लहान नव्हते. पोट आणि स्नायू फार कमी, पात्याखालची चरबी मात्र जवळजवळ शाबूत. हडकुळ्या दिसणाऱ्या या बाळांच्या अंगी चरबीचे प्रमाण अधिक होते. हेच रूप मोठ्या माणसातही दिसते. याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यक जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला: दोघांचा शरीरभार निर्देशांक 22.3, चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1. वजनकाट्यावर विसंबून आपल्याकडचा मधुमेह कळत नाही, हे यापेक्षा थोडक्यात कुणी दाखवलेले नाही.

आहाराबाबतचा निष्कर्ष अनपेक्षित निघाला. एकूण उष्मांक किंवा प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी संबंध आढळला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खाणाऱ्या बायांची बाळे मात्र मोठी होती. रक्तात आणखी एक गोष्ट सापडली. फोलेटची कमतरता जवळपास कुणातच नव्हती, पण सुमारे दोनतृतीयांश आयांत बी-12 जीवनसत्त्व कमी होते. बी-12 कमी आणि फोलेट भरपूर अशा आयांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्शुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक दिसला (2008). नऊ वर्षांच्या मुलांच्या चाचण्यांत बी-12 कमी असलेल्या आयांची मुले एकाग्रता व अल्पकालीन स्मृतीत मागे पडली. मेथीची जुडी घरी नेणाऱ्या शाकाहारी कुटुंबालाही हे लागू आहे: मेथीत फोलेट असते, बी-12 नसते. ते दूध-दह्यातूनच मिळवावे लागते, आणि पुरेसे मिळेलच असे नाही.

जन्मजात व्यंगांचा प्रश्न याच धाग्यातला. गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते. आधीचे मूल अशा व्यंगाचे असलेल्या स्त्रियांना फोलिक आम्ल आधीपासून दिले तर पुनरावृत्ती 72 टक्क्यांनी टळते, हे 1991 मध्ये ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदेच्या चाचणीने सिद्ध केले. सरकारी योजनेतल्या लाल लोह-फोलिक गोळ्या चौथ्या महिन्यापासून सुरू होतात. नळी मिटायच्या वेळी बहुतेक बायांना दिवस गेल्याचेही पक्के ठाऊक नसते. म्हणूनच लोहाविना नुसते फोलिक आम्ल आधीपासून घ्यायची शिफारस आहे, पण मूल हवे आहे असे ठरवून दवाखान्यात जाणाऱ्या किती?

संशोधनही त्यामुळे मागे मागे, गर्भधारणेआधीच्या काळाकडे सरकत गेले. मुंबईच्या वस्त्यांत 2006 पासून डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ गर्भधारणेआधीपासून रोज दिला. एकूण बाळांच्या वजनात फरक पडला नाही. किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केलेल्यांची बाळे मात्र सरासरी 48 ग्रॅमने भरली. बेळगावात केएलईच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने ‘विमेन फर्स्ट’ या चार देशांच्या चाचणीत भाग घेतला. पूरक आहार मिळालेल्यांच्या बाळांची लांबी जन्मतः अधिक भरली (2019).

पुण्याच्या अभ्यासातली मुले वयात आल्यावर 2012 मध्ये त्यांच्यावरच ‘प्रिया’ ही चाचणी सुरू झाली. लग्नाआधीपासून रोज 2 मायक्रोग्रॅम बी-12, कुणाला त्यासोबत इतर सूक्ष्मपोषके, कुणाला फक्त निष्क्रिय गोळी. 1993 नंतर ज्यांच्या त्वचेच्या घड्या मोजल्या होत्या, त्यांच्याच बाळांची नाळ आता तपासली गेली. बी-12 घेतलेल्या आयांच्या नाळेतील रक्तात हे जीवनसत्त्व अधिक होते, आणि दोन-तीन वर्षांच्या वयात नुसते बी-12 मिळालेल्या गटाची मुले आकलन व भाषा यांच्या चाचण्यांत पुढे होती.