कानोसाच्या दाराशी

२७ जानेवारी १०७७. इटलीतल्या कानोसा गडावर, आतल्या दारासमोर तुझा हा तिसरा दिवस. बर्फात भिजून वहाणांच्या वाद्या कडक झाल्यात. तुझा धनी तर अनवाणीच उभा आहे. अंगात लोकरीची जाडीभरडी कफनी, पोटात सकाळपासून कण नाही. जर्मनीचा राजा चौथा हेन्री, वय २६.

गेल्या जानेवारीत वर्म्सला त्यानं बिशपांना हाताशी धरून सातव्या ग्रेगरीला फर्मावलं होतं, पोपपद सोड. फेब्रुवारीत रोमहून उत्तर आलं: राजा बहिष्कृत, आणि प्रजेनं त्याला वाहिलेल्या शपथा रद्द. आपल्याकडच्या गावकीच्या भाषेत, वाळीत टाकला. नाव मात्र कटलेलं नाही. बाप्तिस्मा झाला तो झाला, तो पोपलाही पुसता येत नाही. हेन्री ख्रिस्तीच आहे, फक्त पानावरून उठवलेला.

खरी दहशत विटाळाची. त्याच्या पंगतीला बसेल तोही बहिष्कृत. मग बिशप एकेक करून निसटले. ऑक्टोबरात सरदारांनी बजावलं, बहिष्कार पडल्यापासून वर्षाच्या आत तो उठवून घे, नाहीतर गादी विसर. मुदत भरायला आता महिनाही उरलेला नाही.

आणि तू? रोज त्याच्यापुढे पाव ठेवतोस, घोड्यावर चढताना हात देतोस. म्हणजे तूही बाटलास. बायकामुलं, नोकरचाकर यांना यातून सूट मिळेल ती पुढच्या वर्षी, याच पोपच्या हातून. आज नाही. राणी बेर्टा लहानग्या पोराला घेऊन याच वाटेनं आल्प्स ओलांडून आली. बायकांना बैलाच्या कातड्यावर बसवून उतारावरून खाली ओढत आणलं, असं बखरकार लांबर्ट सांगतो.

आत गडाची मालकीण माटिल्डा आणि हेन्रीचा धर्मपिता, क्लुनीचा मठाधिपती ह्यू, पोपची मनधरणी करताहेत. ही तर जुलूमशहाची निर्दयता, असं आपलीच माणसं आपल्याला म्हणाली, हे ग्रेगरी पुढे स्वतःच पत्रात लिहिणार आहे.

राजा नमला, असं सगळे म्हणतात. मला तो डाव वाटतो, आणि पक्का. ग्रेगरी निघाला होता जर्मन सरदारांच्या सभेत या राजाचा न्याय करायला. पण पोप आधी धर्मगुरू, आणि दारात रडणाऱ्या पापी माणसाला धर्मगुरू किती दिवस परतवणार?

२८ तारखेला दार उघडतं. हेन्री हात पसरून क्रुसासारखा जमिनीवर पालथा पडतो. पापमोचन होतं, मिस्सा होते, प्रसादाची भाकर त्याच्या मुखात पडते. १०८० मध्ये ग्रेगरी त्याला पुन्हा बहिष्कृत करील. ११०६ मध्ये तो बहिष्कृतच मरेल, आणि श्पायरला त्याची शवपेटी अभिषेक न झालेल्या चॅपेलमध्ये पाच वर्षं पडून राहील.

आज मात्र पंगत मांडली आहे. पोप आणि राजा एकाच मेजावर. हेन्री जेवेना, नुसता नखानं मेज खरवडत बसला, असं पुढे कुणीतरी लिहून ठेवलंय. तू पावाची टोपली पुढे करतोस. शेजारचा बिशप न बिचकता तुझ्या हातून तुकडा घेतो.