भाडं टाळायला घेतलेला आठवडा

सुट्टीचं घर एकट्याला परवडत नाही, तर अनेकांनी मिळून घ्यावं आणि आळीपाळीने राहावं, या कल्पनेवर १९६३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही कंपनी निघाली. पुढे अमेरिकेत टाइमशेअरचे आठवडे विकले जाऊ लागले. पण दरवर्षी तीच जागा, तोच आठवडा कुणाला जमणार? म्हणून १९७४ मध्ये आरसीआयने अदलाबदल सुरू केली.

देखभाल शुल्क मात्र जा वा न जा, भरावंच लागतं. म्हणून मालक आठवडा भाड्याने देतात आणि आई-बाबांना घेऊन निघालेले माझ्यासारखे तो घेतात. भाडं वाचवायला घेतलेली वस्तू पुन्हा भाड्यावरच आली! पैसे देण्याआधी रिसॉर्टला फोन करून बुकिंग आपल्या नावावर झालंय का, ते विचारावं. हक्क मालकाचा असतो, रिसेप्शनवर बॅगा घेऊन उभे आपण असतो.