पकडीचा इतिहास : सुताराचा ब्रेस

आज आपण एका हत्याराचा इतिहास पाहणार आहोत. सुताराचा ब्रेस. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकलेल्यांनी तो हाताळला असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. वर एक गोल माथा असतो, त्यावर तळहात किंवा छाती टेकवून जोर द्यायचा. मधे दांड्याला मोठा बाक, त्या बाकावर मूठ. खाली चक, आणि चकात धरलेलं बिट, म्हणजे भोक पाडणारं पातं. मूठ गोल फिरवली की बिट लाकडात उतरतं.

इंग्लंड-अमेरिकेत जुने ब्रेस जमवणारे, ते दुरुस्त करून त्यांनी काम करणारे लोक बरेच आहेत. त्यांच्यापुढे कायम एक प्रश्न असतो. जुनं हत्यार साफ करताना थांबायचं कुठे? वरवर हा हौशी माणसाचा प्रश्न वाटतो, पण तो इतिहासाचा प्रश्न आहे. कसा, ते बघू या.

आधी ब्रेसने नवं काय केलं? आपल्याकडचा सुतार पिढ्यान् पिढ्या सामता वापरत आला. कमानीच्या दोरीचा वेढा दांडीला द्यायचा आणि कमान पुढे-मागे ओढायची. प्राचीन इजिप्तमध्येही हीच युक्ती होती. बारीक भोकाला ती उत्तम. पण यात पातं एकदा उजवीकडे फिरतं, एकदा डावीकडे. टोकाला पेच असलेलं बिट इथे चालायचं नाही, कारण जेवढं आत जाईल तेवढंच उलट्या फेऱ्यात बाहेर येईल. दुसरं हत्यार गिरमिट. ते एकाच दिशेने फिरतं खरं, पण दर अर्ध्या फेऱ्याला हात उचलून पकड बदलावी लागते. ब्रेसने या दोन्ही अडचणी सोडवल्या. दिशा एक आणि मधे थांबणं नाही.

तंत्रज्ञानाचे इतिहासकार लिन व्हाइट यांनी ब्रेसचा उगम साधारण १४२०च्या सुमाराला, फ्लँडर्स भागात दाखवला. त्यानंतर काही वर्षांतच रंगवलेलं ‘मेरोड’ नावाचं तीन फळ्यांचं चित्र आज न्यूयॉर्कमध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या क्लॉइस्टर्स विभागात आहे. त्याच्या उजव्या फळीवर संत जोसेफ आपल्या दुकानात बसून फळीला भोकं पाडतोय, आणि त्याच्या हातात ब्रेस आहे.

फिरवण्याचा प्रश्न असा सुटला. राहिला पकडीचा. लाकडी ब्रेसमध्ये बिट एका लाकडी ठोकळ्यात कायमचं बसवलेलं असे. दुसऱ्या मापाचं भोक हवं, की दुसरा ठोकळा. काही वेळा तर ब्रेसच दुसरा. पुढे इंग्लंडात शेफिल्डच्या कारागिरांनी धातूचं चौकोनी खोबण केलं आणि त्यात स्प्रिंगची कळ बसवली. बिटाचं शेपूटही चौकोनी, निमुळतं. त्यावर कानशीने एक खाच पाडायची. शेपूट आत गेलं की कळ त्या खाचेत अडकते. विल्यम मार्पल्सचा ‘अल्टिमेटम’ ब्रेस, पितळेच्या सांगाड्यात आबनूस भरलेला, याच परंपरेतला. संग्राहक आज त्याला चांगली किंमत देतात.

आता गंमत बघा. कळीची जागा प्रत्येक ब्रेसमध्ये थोडी वेगळी. त्यामुळे खाच त्या ब्रेसच्या मापानेच पाडावी लागे. बिटांचा संच आणि ब्रेस यांची जोडी ठरून जायची. शेजाऱ्याचं बिट आपल्या ब्रेसला बसेलच, असं नाही.

ही जोडी मोडली अमेरिकेत. १८५९मध्ये नेल्सन स्पॉफर्डने चिरलेल्या खोबणाचं पेटंट घेतलं. एक चपटा स्क्रू अंगठ्याने आवळला की खोबण मिटून बिट घट्ट. १८६४मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम बार्बरने दोन जबडे आणि त्यांवर फिरणारं आट्यांचं कवच अशी रचना केली. कवच फिरवलं की जबडे मिटतात. खाचेची गरजच संपली. १८६८मध्ये उभ्या राहिलेल्या मिलर्स फॉल्स कंपनीने याच चकावर धंदा वाढवला. तिकडे रसेल जेनिंग्जचं पिळाचं बिट १८५५पासून होतंच. त्यावरचा आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग. ८ लिहिलंय, म्हणजे अर्धा इंच. कोणाचंही बिट, कोणाच्याही ब्रेसमध्ये. सुताराला हत्यारं सुटी विकत घेता येऊ लागली.

१९१७मध्ये ब्लॅक अँड डेकरला घोडा दाबून चालवायच्या विजेच्या ड्रिलचं पेटंट मिळालं, आणि पुढे ब्रेस हळूहळू मागे पडला. पण त्याची ताकद कमी नव्हती. दहा इंची ब्रेसची मूठ मध्यापासून पाच इंचांवर फिरते. एक इंची बिटाची कड मध्यापासून अर्ध्या इंचावर. म्हणजे हाताचा जोर कडेला दहापट होऊन पोचतो. तोही आवाज न करता.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. गंज काढायलाच हवा, कारण तो लोखंड खातो. रॉकेलमध्ये भिजवून बारीक तारकाथ्याने घासलं की बहुतेक काम होतं. माथ्याखाली आणि रॅचेटमध्ये तेलाचे थेंब, लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात. बिटाला धार लावताना कानस नखांच्या आतल्या बाजूनेच चालवायची. बाहेरून घासली तर भोक अंगापेक्षा बारीक पडेल आणि बिट अडकेल. भोक पाडताना पेचाचं टोक मागून दिसलं की थांबायचं आणि दुसऱ्या बाजूने पुरं करायचं, म्हणजे लाकूड फाटत नाही.

पण पॉलिशच्या चाकावर हत्यार आरशासारखं चमकवलं, की काय जातं? ठसा मारलेलं मालकाचं नाव जातं. पेटंटची तारीख पुसट होते. शेपटावरची खाच ‘खराबी’ म्हणून घासली, तर हे बिट कोणत्या ब्रेसचं होतं ते सांगणारा एकमेव पुरावा संपतो. आणि विकणाऱ्याने ब्रेस एकाला, बिटं दुसऱ्याला दिली, तर न चमकवताही तोच पुरावा तुटतो.

राजांची कागदपत्रं जपायला दफ्तरखाने आहेत. सुतारांनी लिहून ठेवलं नाही. त्यांचं लेखन म्हणजे हे ठसे, या खाचा, मुठीवर हाताने पडलेली झीज. म्हणून आम्ही म्हणतो, हत्यार चालतं करा, नवं करू नका. गंज काढा, खाच राहू द्या, आणि जुना संच मिळाला तर तो एकत्र ठेवा.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.